नुसता हात झोपवायचा होता

माझं हृदय बंद पडलं तेव्हा मी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना गाडी रिव्हर्समध्ये कशी घ्यायची ते समजावून सांगत होतो. वाक्य अर्धवट राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला, पण रिव्हर्सच्या मध्यात मी एकाही शिकाऊ माणसाला सोडून गेलो नव्हतो.

लोक मला ब्रेकसर म्हणतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि तो मी इतक्या वेळा दाबलाय की उजवा पाय आता माझं ऐकतच नाही. न्हाव्याच्या खुर्चीत दाबतो, सिनेमात दाबतो, बायको बोलायला लागली की टेबलाखाली दाबतो. तिथे तो लागत नाही, पण सवय काही जात नाही.

अडीच-तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्यांनी एकदमच राजीनामा दिला. नोटीस नाही, काही नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मानेत घातलेल्या नळीतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून स्वच्छ करायचं आणि परत आत सोडायचं. बायको म्हणाली, तुमचे शर्टसुद्धा मी इतक्या वेळा धूत नाही. पण मानेतल्या नळीचं एक वाईट असतं, ती पिकते. माझी दोनदा पिकली, हुडहुडी भरून ताप चढला, आणि किडनीवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता नळीचे लाड पुरे, हातात फिस्टुला करून घ्या. म्हणजे डाव्या हातातली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना शिवून टाकायच्या. मग शीर फुगते, दणकट होते आणि डायलिसिसच्या सुया तिच्यात टोचता येतात.

"हे केलं नाहीत," ते म्हणाले, "तर पुढच्या खेपेला नळी पिकली की मी काही करू शकेन असं वाटत नाही."

डॉक्टर लोक एरवी इतकं आडवळणाने बोलतात की घरी येऊन त्याचा अर्थ लावत बसावं लागतं. हे मात्र बायकोला तिथल्या तिथे समजलं आणि तिने माझा दंड धरला.

आता अडचण होती हृदयाची. तेही काही नवं कोरं नव्हतं. जिना चढलो की धापा टाकायचं. त्यामुळे पूर्ण भूल द्यायला कुणी तयार होईना. शेवटी असं ठरलं की मला झोपवायचं नाही, नुसता हात झोपवायचा. मानेच्या मुळाशी सुई घालून हाताकडे जाणाऱ्या नसांना भूल द्यायची, हात लुळा पडेल, बाकीचा मी टक्क जागा. मी म्हटलं उत्तम, मी लक्ष ठेवतो.

ऑपरेशनच्या आधीचं थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

किडनी गेली की जेवणही जातं. मीठ बंद, फळं जवळपास बंद, पाणीसुद्धा मोजून. डॉक्टर सहज बोलून गेले आणि आमच्या घरी तो कायदा झाला. बायकोने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भाज्यांमध्ये पोटॅशियम नावाचा एक पदार्थ असतो. चांगली किडनी तो बाहेर टाकते, माझ्यासारख्याच्या रक्तात तो साठत जातो, आणि फार साठला की हृदयाचा ताल सुटतो. म्हणून बायको प्रत्येक भाजी दोनदा उकळायची आणि दोन्ही वेळा पाणी ओतून टाकायची. पोटॅशियम जायचं, त्याच्याबरोबर भाजीही जायची. उरायचं ते मी खायचो. वर्षभर खाल्लं. तोंड वाकडं करायचो, ती म्हणायची, "वाकडं तोंड करून जिवंत राहा, सरळ तोंडाने मरण्यापेक्षा." तिचं बोलणं असं असतं. सकाळी डोळा उघडल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा चालू होतो आणि त्यात ती मला औषध, चष्मा, चप्पल सगळं शोधून देते.

आणि मग, ऑपरेशनच्या दोनेक महिने आधी, एक दिवस भाजीला चव आली.

पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मीठ! वर बघितलं तर ती पाठमोरी, ओटा पुसत होती. मी ताडलं की हिला दया आली, ही गुपचूप चिमूटभर घालायला लागली. घालू नये हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी मूग गिळून गप्प बसलो आणि भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, काय व्हायचं ते होऊ दे. पुढे रोज तेच. मी चाटूनपुसून खायचो आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढायचो नाही.

तिकडे किडनीवाल्या डॉक्टरांचं डोकं फिरायला लागलं. दर डायलिसिसच्या आधीच्या तपासणीत माझं पोटॅशियम वाढलेलं.

"चोरून फळं खाता ना?" ते गुरकावले.

"नाही हो."

"सुकामेवा? रस?"

"देवाशपथ नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष होतो आणि कुणाचा म्हणून विश्वास बसत नव्हता. बायकोने घरी आल्यावर माझे खिसे तपासले, कपाट उपसलं, गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिला. फळाची सालसुद्धा सापडली नाही तेव्हा तिचा संशय आणखी बळावला. मला ते मिठाचंच काहीतरी असेल असं कधीकधी वाटून जायचं. पण डॉक्टर पोटॅशियम म्हणत होते, मीठ म्हणत नव्हते, तेव्हा मी त्याकडे कानाडोळा केला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डायलिसिस झालं, लगेच रक्त तपासलं, आकडे एकदम सरळ आले. त्या आनंदात बायकोने पातेलंभर भाज्यांचं सूप केलं. मी दोन वाडगे प्यायलो.

ऑपरेशन थिएटरमध्ये मला आत घेतलं तेव्हा हिरव्या टोपीखालून दोन डोळे माझ्याकडे रोखून बघत होते.

"ब्रेकसर?"

"आपण?"

"मला ओळखलं नाही? मी तुमच्याकडे शिकले. दोनदा नापास झाले होते. तुम्ही म्हणाला होतात, बाई, तुम्ही पायी चालत जा, शहरावर उपकार होतील."

या बाईंच्या हातात सुई होती आणि ती माझ्या मानेत जायची होती.

"तिसऱ्यांदा पास झालात ना?" मी चाचरत विचारलं.

"झाले. पण रिव्हर्स अजून जमत नाही." त्या हसल्या आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "सर, एक लक्षात ठेवा. भूल दिल्यावर तुम्ही बोलत राहायचं. थांबायचं नाही. जीभ जड झाली, कानात आवाज आला, तोंडाला चमत्कारिक चव आली, तर लगेच सांगायचं. मशीनच्या आधी मला पेशंटच्या बोलण्यावरून कळतं."

बोलत राहा, असं मला त्याआधी कुणीही सांगितलं नव्हतं. मी खूष झालो. सुई गेली, एक थंड कळ दंडातून बोटांपर्यंत धावली आणि बघता बघता माझा डावा हात कुणा दुसऱ्याचा झाला. सर्जन पलीकडे हात धुऊन उभे होते. मी रिव्हर्सचा धडा सुरू केला.

"पहिली गोष्ट, आरशावर विसंबायचं नाही. मान वळवून मागे बघायचं."

"तुम्ही नका वळवू," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगत राहा."

"क्लच अर्धा सोडायचा. गाडी आपोआप सरकते. स्टिअरिंगला घाई नाही. तोंडात पत्रा का लागतोय?"

"काय म्हणालात?"

"पत्र्याची चव. डबा चाटल्यासारखी. तर स्टिअरिंग ज्या बाजूला..."

एवढंच. पुढचं मला आठवत नाही. त्या सांगतात की मी "बाजूला" हा शब्द तीनचारदा म्हणालो, उजवा पाय ताडकन खाली दाबला आणि डोळे फिरवले.

शुद्धीवर आलो तेव्हा छातीवरून रोडरोलर गेला असावा असं वाटलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या. अतिदक्षता विभागात होतो, घशात नळी घालून काढल्याची खरखर होती, आणि डावा हात अजून लुळाच होता. त्यावर एक टाकाही नव्हता. म्हणजे मरून बघितलं आणि काम ते झालंच नाही.

सगळ्यात आधी लोकांनी विचारलं ते हेच, काय दिसलं? नर्सने विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने विचारलं, लेकीने फोनवर रडत रडत विचारलं. काहीच दिसलं नाही. ना बोगदा, ना उजेड, ना कुणी गेलेलं माणूस न्यायला आलेलं. मी इतका वेळ वर होतो आणि कुणी बसायलासुद्धा सांगितलं नाही. लोकांचा हिरमोड व्हायचा. शेवटी शेजारच्या माणसाला मी सांगितलं की एक मोठा रिकामा रस्ता होता, पार्किंगला भरपूर जागा होती. तो समाधानाने झोपला.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या. चेहरा उतरलेला.

"सर, घाबरवलंत."

"मी?"

"छाती दाबून दाबून आमच्या हाताचे तुकडे पडले. मग दुधासारखं एक औषध असतं, ते शिरेतून दिलं, ते भुलीचं औषध हृदयावरून ओढून काढतं. कॅल्शियम दिलं. मग आलात परत." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भूल मी मोजून दिली होती, नेहमीपेक्षा कमीच. पण किडनी काम करत नसली की रक्तात आम्लं साठतात, आणि हे औषध हृदयाला घट्ट धरून बसतं. त्यात तुमचं पोटॅशियम आम्ही तिथे तपासलं तर छताला भिडलेलं. डायलिसिस संपल्या संपल्या रक्त घेतलं की ते नेहमीच चांगलं दिसतं, रात्रीत परत वाढतं. मी आत घ्यायच्या आधी पुन्हा तपासायला हवं होतं. नाही तपासलं. ती माझी चूक."

मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. दोनदा नापास झालेली माणसं शेवटी चांगली गाडी चालवतात, हे मी खूप पाहिलंय.

"पण एवढं वाढलं कशाने?" त्यांनी विचारलं. "इथे कुणी नाही. खरं सांगा, काय खाल्लंत?"

"सूप. घरचं. भाज्या दोनदा उकळलेल्या."

"मीठ?"

मी आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की हल्ली चव येते, बायको थोडंसं घालत असावी, तिला काही बोलू नका. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"कसलं मीठ घालतात?"

"मीठ ते मीठ. पांढरं."

"पाकीट बघितलंय? 'सोडियम कमी' असं काही लिहिलेलं? हृदयाचं चित्र असलेलं?"

बघितलं होतं. ओट्यावरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, लाल हृदय छापलेलं पाकीट. मला वाटलं होतं चहाची पावडर आहे.

"त्यात सोडियम कमी करतात आणि त्याच्या जागी पोटॅशियम घालतात," त्या हळूच म्हणाल्या. "किडनी चांगली असेल त्याला चालतं. तुम्हाला ते विष आहे. काकू भाजीतलं पोटॅशियम दोनदा उकळून ओतून देत होत्या आणि वरून चमच्याने परत घालत होत्या."

मला हसू आलं आणि बरगड्यांनी ते तिथेच मोडून काढलं. मग दुसऱ्या क्षणी हसू पार गेलं. माझ्या डोळ्यांसमोर ती दुकानात उभी राहिली. चष्मा कपाळावर सरकवून, पाकीट नाकाशी धरून, बारीक अक्षरं वाचत. हृदयासाठी चांगलं. हिने विचार केला असणार, मीठ नको आणि हृदय कमजोर, म्हणजे हे आपल्यासाठीच काढलंय. वर्षभर माझं वाकडं तोंड बघून ती शोध घेत फिरली होती आणि शेवटी तिला सापडलं होतं.

तेवढ्यात किडनीवाले डॉक्टर आले, आणि त्यांच्या मागोमाग बायको. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. डॉक्टरांनी माझा कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आता तरी सांगणार? काय खाल्लं होतंत?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

"केळी," मी म्हणालो.

"किती?"

"डझनभर."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि माझा असा उद्धार केला की शेजारचा माणूस जागा झाला. मग डॉक्टरबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "आणि हो, ते हृदयाचं चित्र असलेलं मीठ मिळतं, तेही किडनीच्या कुठल्याच पेशंटला नको. आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

"बरं," बायको म्हणाली.

तेवढंच. एक शब्द. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं. पण माझी सुटका झाली, तिचीही झाली, असं समजून मी स्वतःवर भलताच खूष होतो.

घरी आलो. फळीवरचं पाकीट गायब होतं. आणि बायकोने स्वयंपाक सोडला होता.

"हात दुखतो," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी हॉस्पिटलच्या कँटीनमधून डबा सुरू केला. स्वतःसाठी ती काहीतरी पाव-बिव खायची. मला तिने हातचं पाणीसुद्धा द्यायचं बंद केलं. ग्लास भरायची आणि टेबलावर ठेवून मागे सरायची. आणि बोलायची नाही. म्हणजे कामापुरतं बोलायची, पण ओरडायची नाही. मी ओला टॉवेल गादीवर टाकला, तिने उचलला. मी मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात गेलो, तिने नुसतं पाहिलं. डझनभर केळी खाऊन मेलेल्या नवऱ्याला एक बायको किती दिवस बोलू शकते, याचा तुम्ही विचार करा. हिने एकदाही केळ्यांचं नाव काढलं नाही. मला त्या घरात भीती वाटायला लागली.

एक दिवस लेकीचा फोन आला. ती फोनवर इतक्या जोरात ओरडत होती की मी तो हातभर लांब धरला.

"बाबा, केळी? केळी? मरायचंच असेल तर माणूस आवडीचं तरी काही खातो! लहानपणी मी तुमच्यासमोर केळं सोललं तर तुम्ही नाक दाबून गॅलरीत जायचात. तुम्हाला वासानेसुद्धा मळमळतं!"

मी खाली बसलो.

घरात तीन माणसं, तिघांनाही ठाऊक. केळी असलेल्या खोलीत मी थांबत नाही. लग्न ठरवायला गेलो तेव्हासुद्धा समोर केळी आली म्हणून मी ताटाला हात लावला नव्हता आणि पुढे वर्षभर बायकोच्या आईने माझ्यावर राग धरला होता. जगात इतकी फळं, आणि ऐन वेळी माझ्या तोंडातून हेच निघालं. म्हणजे तिला मी "केळी" म्हणालो त्याच क्षणी कळलं होतं. खोटं आहे हे कळलं, का बोलतोय हे कळलं, आणि मग डॉक्टरबाईंनी मिठाचं नाव काढलं तेव्हा उरलेलंही कळलं. तिच्या हातच्या सुपाने नवरा टेबलावर मेला होता, हे तिला ठाऊक होतं. आणि मला ठाऊक नाही असं मी दाखवतोय, म्हणून तिला ते माझ्याजवळ बोलताही येत नव्हतं.

मी जाऊन तिच्याजवळ बसलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कँटीनवाल्याचं जेवण अगदी भिकार आहे," मी म्हणालो.

"चांगलं असतं," ती म्हणाली. "त्यांना सगळं माहीत असतं."

बोलायला तोंड उघडलं आणि मला धीर झाला नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करता करता दुसऱ्या ऑपरेशनचा दिवस उजाडला. नळी पुन्हा लाल झाली होती. थांबायला सवड नव्हती.

या वेळी सगळा बंदोबस्त चोख होता. सकाळीच डायलिसिस, मग मुद्दाम काही तास थांबून थिएटरच्या दाराशी पुन्हा रक्त, वेगळं औषध, तेही अगदी थोडं. डॉक्टरबाई स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. "आकडे चांगले आहेत सर. पण धोका नाही असं मी म्हणणार नाही. तुमचं हृदय तुम्हाला माहीत आहे." त्या आत गेल्या.

स्ट्रेचर दाराशी उभं होतं. बायको बाजूला, हातात माझा चष्मा आणि दातांची डबी घेऊन. तिचा चेहरा असा होता की जणू तिलाच आत न्यायचंय. आणि मला तेव्हा खरोखर भीती वाटली. मरायची नाही, ते मी करून बघितलं होतं, त्यात काही विशेष नाही. भीती ही वाटली की मी आत गेलो आणि आलोच नाही, तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या पाकिटाबरोबर एकटी काढेल. रोज सकाळी उठून तिला वाटेल, मी मारलं. आणि ते खरं नाही असं तिला सांगायला मी नसेन.

"ऐक," मी म्हणालो. "केळी मी खाल्ली नव्हती."

"माहीत आहे." तिचा आवाज फुटला. "मीठ होतं ते. मी आणलेलं."

"हो. पण मला चव लागत होती."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तू चोरून साधं मीठ घालतेस. ते घालायचं नाही हे मला ठाऊक होतं. डॉक्टर माझ्यावर ओरडत होते तेव्हाही डोक्यात येत होतं की याचाच काहीतरी संबंध असेल. एकदा विचारलं असतं तुला, तर तू पाकीट दाखवलं असतंस आणि मी डॉक्टरांना दाखवलं असतं. पण तू बंद केलं असतंस ना. मला बंद व्हायला नको होतं. म्हणून गप्प बसलो, वर दुसऱ्यांदा मागून घेत होतो."

वॉर्डबॉयने स्ट्रेचरला हात घातला.

"तुला कळत होतं?" ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. कितीही भांडलो तरी अहोजाहो.

"तुला चव लागत होती आणि तू गिळत बसलास? मी इथे रात्रंदिवस मरतेय, मला घास उतरत नाही, हात धुऊन धुऊन कातडी गेली माझी, आणि तू... दोन वाडगे प्यायलास! मी नको म्हणत होते दुसरा, तू प्यायलास!"

"प्यायलो."

"थांबवा हो ते," ती वॉर्डबॉयवर ओरडली, "मला याच्याशी बोलायचंय!" तो बिचारा थांबला, मग घाबरून ढकलायला लागला. ती स्ट्रेचरबरोबर चालत निघाली. तिने माझं लग्नापासूनचं सगळं काढलं. ओला टॉवेल काढला, चपला काढल्या, केळी तर काढलीच, आणि खोटं बोलायचीही अक्कल नाही हेही काढलं. कॉरिडॉरमधले सगळे बघत होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खणखणीत, माझ्या ओळखीचा. किती दिवसांनी ऐकत होतो. मला रडू आलं, लपवलं नाही.

दार बंद होताना नर्सने तिला धरून मागे घेतलं. फटीतून तिचं बोट तेवढं दिसलं, माझ्यावर रोखलेलं.

"बाहेर ये तू! बाहेर ये, मग सांगते तुला!"

आत डॉक्टरबाई हातात सुई घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"बोलत राहा सर," त्या म्हणाल्या. "आज कुठला धडा?"

"आज मी ऐकतोय," मी म्हणालो. दाराबाहेरून आवाज अजून येत होता.

बाहेर आलो. तिने सांगायला घेतलं. आता दुसरं वर्ष लागलंय, अजून तिचं सांगून झालेलं नाही.